वरात वेळेवर आली

"पत्रिकेवर दहा बेचाळीस छापायचं," निवृत्ती म्हणाला.

"अवो, पण गुरुजीनं तं बारा सत्तावीस काढला ना?" शेंगा सोलता सोलता त्याच्या बायकोचा, कोकिळेचा, हात थांबला.

"तो खरा. हा छापायचा."

कोकिळेने मान डोलावली आणि पुढची शेंग घेतली. मोताळा तालुक्यात जन्म काढलेल्या बाईला यापेक्षा जास्त समजवावं लागत नाही. तिकडे लग्नाला दोन मुहूर्त असतात. एक पंचांगातला आणि एक पत्रिकेतला. वरात दोन तास उशिरा येणार हे धरून मुलीचा बाप दोन तास आधीची वेळ छापतो. आणि तो आधीची वेळ छापतो हे ठाऊक असल्यामुळे वरातीतली पोरं निवांत नाचतात. यात कुणी कुणाला फसवतंय असं अजिबात समजू नका. सगळे एकमेकांना सांभाळून घेत असतात.

तरीही निवृत्तीला काळजी होतीच, आणि तिला कारण होतं. चार वर्षांपूर्वी थोरल्या लेकीचं, डिंपलचं, लग्न झालं. पिंपळवाडीत जानोसा, म्हणजे वऱ्हाडाचा मुक्काम, नेहमी शाळेत देतात. शाळेपासून मारुतीचं देऊळ दोनशे पावलं, देवळापासून निवृत्तीच्या दारचा मांडव तीनशे. ही पाचशे पावलं चालायला वरातीला डीजेसकट चार तास लागले. मुहूर्त दुपारी बाराचा आणि अक्षता पडल्या सव्वाचारला. निवृत्तीचे वडील रामराव, म्हणजे गावाचे आबा, अकरापासून खुर्चीत बसून होते. दोन वाजता त्यांना भोवळ आली, आणि चौघांनी उचलून घरात नेऊन निजवलं. संध्याकाळी जाग आल्यावर आबांनी मूठ उघडली, तर अक्षता तशाच होत्या, घामाने भिजून चिकटलेल्या.

"लागलं काय लगन?" एवढंच त्यांनी विचारलं. रागावले असते तर बरं झालं असतं. निवृत्तीला तो प्रश्न अजून झोपेत ऐकू यायचा.

आता धाकट्या करिष्माचं लग्न. आबा चौऱ्याऐंशीचे. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, की म्हातारबुवांना एक वाजेपर्यंत बसू द्या, मग आडवं करा. थोडक्यात, एकच्या आत अक्षता पडल्या पाहिजेत आणि आबांच्या हातून पडल्या पाहिजेत. बाकी वरण पातळ झालं तरी निवृत्तीला चालणार होतं.

म्हणून सोयरीक ठरतानाच त्याने एक अट घातली, डीजे नाही. जावई हर्षल बुलढाण्याचा, नोकरी पुण्याला. तो लगेच म्हणाला, "मामा, डीजे मलाही नको. आमचा बँडच वाजवेल."

बँड म्हटल्यावर निवृत्तीच्या डोळ्यांपुढे लाल डगले, पितळी कर्णे आणि पुढे काठी फिरवणारा मास्तर उभा राहिला. तो इतका खूश झाला, की त्याने जावयाला मळ्यातली पोतंभर वांगी पाठवली. खरा प्रकार लग्नाच्या तीन दिवस आधी कळला.

"पप्पा, त्याचा बँड रेगे वाजवतो," करिष्मा म्हणाली.

"काय वाजवते?"

"रेगे. जमैकाचं संगीत असते. त्याचा मित्र ऋत्विक गातो. संग्रामपूरचा आहे तो. पुण्याले हॉस्टेलमधी कोणाच्या तरी खोलीतून त्याले हे ऐकू आलं, अन् तवापासून त्याले दुसरं काही सुचतच नाई. आता तं वऱ्हाडीत गाणे करून राह्यला."

"जमैका कुठी आलं?"

"वेस्ट इंडीजकडं."

निवृत्ती मटकन खाली बसला. वेस्ट इंडीज त्याला चांगलं ठाऊक होतं. शाळेत असताना रेडिओला कान लावून त्याने त्यांच्या गोलंदाजांचा दरारा ऐकला होता. एकेक चेंडू म्हणजे बंदुकीची गोळी. आता ज्यांचे गोलंदाज असे, त्यांचं गाणं काय चालीचं असेल! पोरं अंगात आल्यासारखी नाचणार. पाचशे पावलांना चार तास कसले, सूर्य मावळणार. त्याने तातडीने व्याह्यांना, मोतीरामांना, फोन लावला.

"सोयरे, जरा लवकर निघजा बरं."

"काळजीच करू नका," मोतीराम म्हणाले. ते बुलढाण्याच्या कोर्टातले निवृत्त बेलीफ. वेळेवर माणूस हजर करणं हाच त्यांचा जन्माचा धंदा.

लग्नाच्या दिवशी सगळं कसं निवृत्तीच्या हिशेबाप्रमाणे चाललं होतं. आचाऱ्याला बारा सत्तावीस सांगितलं होतं, म्हणून वरणाबरोबरच्या कणकेच्या बट्ट्या अजून कच्च्या होत्या. गुरुजींना बारा सत्तावीस ठाऊक होतं, म्हणून ते रोहिणखेडला आणखी एक लग्न लावायला गेले होते. करिष्मा मोताळ्याला पार्लरमध्ये बसली होती. वऱ्हाड दहाच्या सुमारास शाळेतून निघाल्याचा निरोप आला. निवृत्तीने अंगणात आरसा टांगला, बनियनवर बसून गालाला साबण फासला आणि सावकाश दाढीला सुरुवात केली. दोन तास हातात होते.

डावा गाल झाला. उजव्याला वस्तरा लावणार तोच कोकिळेचा धाकटा भाऊ वामनराव धापा टाकत अंगणात शिरला. त्याला मारुतीपाशी पहारा द्यायला ठेवलं होतं.

"दाजी, वरात आली!"

"कुठी? मारुतीपाशी?"

"मारुतीचं दर्शन झालं! इकडं निघाली!"

"खोटं नको बोलू. दहा वीस होऊन राह्यले आता!"

"आईशप्पथ दाजी! थे नाचून नाई राह्यले. चालून राह्यले!"

झालं होतं असं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ऋत्विकची मंडळी गिटार, ड्रम आणि जनरेटर घेऊन उभी होती. पहिलं गाणं सुरू झालं तशी वरातीतल्या पोट्ट्यांनी रुमाल दातात धरले, हात वर केले आणि उडी मारली. पाय जमिनीवर आले तेव्हा ठोका पडलाच नाही. ठोका पडला तेव्हा पाय हवेत. दोघं एकमेकांवर आदळले, एक नालीत गेला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. जिथे ठोका पाहिजे तिथे हे गाणं गप्प बसायचं, आणि माणूस बेसावध झाला की धप्प करायचं. वरून ऋत्विक डोळे मिटून गात होता, "घाई काऊन करून राह्यला, राजा, घाई काऊन?" शेवटी पोट्टे वैतागले आणि मुकाट्याने चालू लागले. नाचायचं नसलं की वरातीत दुसरं करण्यासारखं काही उरत नाही. घोडी तर त्या चालीवर अशी खुलली, की थांबायचं नावच घेईना. पाचशे पावलांना, देवदर्शन धरून, अठरा मिनिटं लागली. गावच्या इतिहासात असं घडलं नव्हतं.

निवृत्तीने बनियनवरच फेटा चढवला. मग चूक लक्षात आली, फेटा काढला, सदरा घातला, पुन्हा फेटा चढवला. मांडवात नऊ माणसं, दोन कुत्री आणि खुर्च्या मांडणारे होते. त्याने भिंतीआड जाऊन गुरुजींना फोन केला.

"गुरुजी, या लवकर! वरात आली!"

"कोणाची?"

"आमची!"

"साडेदहाले?" गुरुजींचा आवाज एकदम पडला. "काऊन हो? काही भांडणं झाले काय?"

"नाई हो, नुसतीच आली!"

"मले बारा पाच तरी होईन. इकडं वरात अजून निघालीच नाई. हे चांगले लोक हायेत."

दुसरा फोन करिष्माला. "बेटा, निघ तशीच!"

"पप्पा, तशीच कशी निघू? अर्धाच चेहरा झालाय माझा!"

निवृत्तीने गालावरून हात फिरवला. उजवीकडे खुंट होते आणि त्यावर साबण वाळला होता. त्याचाही अर्धाच झाला होता.

व्याहीभेट त्याने मान डावीकडे न वळवता, उजवा गाल उपरण्यात लपवून उरकली. मोतीरामांनी खिशातून पत्रिका काढली. "दहा बेचाळीस," ते म्हणाले. "पाच मिनिटं राह्यले. नवरी कुठी हाये? गुरुजी?"

"येऊन राह्यले."

"सोयरे, छापील वेळ हाये ही." बेलीफाचा आवाज आला. "हा मुहूर्त चुकला, तं आमच्या गुरुजीनं आजचाच दुसरा काढून ठेवला हाये. सांजचा सहाचा. तो धरू मंग. घाई नाई आमाले."

संध्याकाळी सहा! निवृत्तीच्या पायांखालची जमीन सरकली. आबा मांडवाच्या पहिल्या ओळीत येऊन बसलेसुद्धा होते. धुवट धोतर, डोक्याला पटका, हातात काठी. खरं सांगावं, तर पत्रिका खोटी छापली म्हणून व्याही भडकणार. न सांगावं, तर आबा सहापर्यंत बसणार नाहीत. आणि माणूस असा कोंडीत सापडला, की त्याच्या तोंडून जे निघतं ते त्याचं त्यालाही नवीन असतं.

"सोयरे, मुहूर्ताचं पाहू मंग," तो म्हणाला. "आमच्यात आधी एक रिवाज हाये."

"कोणता?"

"नवरदेव मांडवात आला का त्याच्या बाजावाल्याईनं घटकाभर वाजवायचं. अन्..." निवृत्तीने इकडेतिकडे बघितलं. "अन् नवरीच्या बापानं नाचायचं. त्याबिगर मुहूर्त धरतच नाई आमच्यात."

कोकिळेने पदर तोंडात कोंबला. वामनरावाला ठसका लागला.

"असा रिवाज तं म्या कधी आयकला नाई," मोतीराम म्हणाले. "डिंपलच्या लगनाले होता काय?"

"जुना हाये. बापजाद्याईचा. आबाले इचारा!" म्हणून निवृत्तीने हात दाखवला, आणि दाखवला त्या क्षणी त्याला घाम फुटला. आबा जन्मात खोटं बोलले नव्हते. बैल विकतानासुद्धा तो लाथ मारतो हे आधी सांगणारा माणूस.

आबांनी मुलाच्या अर्ध्या दाढीकडे बघितलं. मोतीरामांकडे बघितलं. मग शांतपणे म्हणाले, "हाव. हाये."

झालं. ट्रॉली मांडवाच्या तोंडाशी आली आणि निवृत्तीने आयुष्यात पहिल्यांदा पाय उचलला. तो कसा नाचला हे विचारू नका. पाय टाकला की ठोका गायब, ठोका पडला की हा एका पायावर. रोपं लावताना चिखलात पाय रुतला की माणूस जसा करतो, तसं काहीतरी चाललं होतं. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. पाहुणे जमत होते आणि आपण उशिरा आलो की लवकर, हे न कळून गोंधळत होते. एक गाणं झालं, दोन झाली, तीन झाली. घड्याळात सव्वाअकराही वाजेनात. निवृत्तीची छाती भात्यासारखी चालू लागली. आता आपण पडणार आणि आपल्यालाच आडवं करावं लागणार, असं त्याला वाटलं.

"अबे, उलटं करून राह्यला तू!"

आबा खुर्चीतून ओरडले होते. गाणं चालूच होतं.

"ठोक्यावर पाय नको टाकू. ठोका खाऊ दे त्याले!" आबांनी काठी उचलली आणि जमिनीवर आपटली. बरोबर धप्प झालं तिथे. "आयक. हे तं आपलं मळ्यातलं जुनं इंजन हाये! थे डिझेलचं! एक ठोका खाये अन् दुसऱ्या ठोक्याले पाणी फेके. इसरला काय?"

निवृत्ती जागच्या जागी थांबला. त्याने कान दिला. आणि खरंच की! विहिरीवरचं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन, लहानपणी ज्याच्या आवाजावर तो वाफ्यात झोपायचा. एक ठोका गिळायचं, सगळं शिवार क्षणभर श्वास धरायचं, आणि मग धप्प करून पाणी पाटात उडायचं. विजेची मोटार आली तेव्हापासून तो आवाज गावातून गेला होता. तो आज जमैकाहून पुण्याला आणि पुण्याहून संग्रामपूरमार्गे परत आला होता.

ट्रॉलीवरचा ऋत्विक वाजवता वाजवता वाकून ऐकत होता. "आबा, एवढं समजायले मले दोन वर्षं लागले होते!" तो ओरडला.

"तुमच्याकडं इंजन नसन," आबा म्हणाले.

पिंपळवाडी हे सगळं भाजीपाल्याचं गाव. पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाच्या पायांत ते इंजिन होतं. एकाने बसल्या बसल्या मान हलवली, दुसरा उठला. "पाय उचलून धर, अजून पाणी नाई आलं... हा, आता टाक!" असं एकमेकांना सांगत दहा-बारा म्हातारे मांडवात डोलू लागले. मघाशी नालीत गेलेला पोट्टा त्यांच्या मागे उभा राहून गुपचूप शिकत होता. कोकिळा आली, पाठोपाठ तिच्या जावा आल्या. मोतीरामांनी पत्रिका खिशात ठेवली आणि कोटाची बटणं सोडली.

बारा दहाला करिष्मा पूर्ण चेहरा घेऊन पोहोचली. पाठोपाठ गुरुजी मोटारसायकलवरून उतरले, धावत मंचावर चढले आणि कुणी काही सांगायच्या आत माईकवर म्हणाले, "मंडळी, चला, चला! आपला मुहूर्त बारा सत्तावीसचा आहे. सतरा मिनिटं राहिली!"

नेमकं तेव्हाच गाणं संपलं होतं. शब्द न शब्द मांडवभर ऐकू गेला. मोतीराम हळूहळू निवृत्तीकडे वळले. निवृत्तीने उपरणं गालावर ओढलं आणि जमीन दुभंगण्याची वाट बघितली.

मोतीराम जवळ आले. चारी बाजूंना बघून कानाशी लागले. "सोयरे, म्या आमच्या वऱ्हाडाले नऊ तीसचा सांगतला होता."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि असे खदखदून हसले, की निवृत्तीचं उपरणंच गळून पडलं. त्याची अर्धी दाढी सगळ्या वऱ्हाडाने बघितली.

"अजून एक म्हणतो आमी," ऋत्विकने ट्रॉलीवरून विचारलं. "छोटंसं. चालन ना?"

"सतरा मिनिटं हायेत. म्हण," निवृत्ती उदार होऊन म्हणाला.

या गाण्याला आबा खुर्चीतून उठले. दोघांनी धरायला हात पुढे केले, ते त्यांनी काठीने बाजूला सारले. मांडवाच्या मधोमध ते उभे राहिले. नाचले असं म्हणता येणार नाही. एक खांदा थोडा वर जायचा, थबकायचा, सगळा मांडव त्यांच्याबरोबर थबकायचा, आणि मग काठी खाली यायची. त्यांचे डोळे मिटलेले होते. आबा बहुतेक विहिरीवर होते, आणि वय चाळीसच्या आत होतं.

"दाजी," वामनराव घड्याळ पुढे करत आला. "बारा पंचवीस."

निवृत्ती ट्रॉलीकडे गेला. थांबवायला त्याने हात वर केला. ऋत्विकने त्याच्याकडे बघितलं. मंचावर गुरुजी अंतरपाट धरून ताटकळत होते. बारा सव्वीस झाले. चार वर्षं ज्या मिनिटासाठी त्याने जीव टाकला होता, ते मिनिट समोर आलं होतं. त्याने एकदा मागे वळून बापाचा चेहरा बघितला. आई गेल्यापासून आबा असे हसले नव्हते. निवृत्तीचे डोळे भरून आले. वर केलेला हात त्याने तसाच हवेत फिरवला.

"चालू दे!" तो ओरडला. "अजून एक होऊ दे!"

बारा सत्तावीस आले आणि कुणाचं काही न बिघडवता निघून गेले. गुरुजींनी कपाळाला हात लावला, पंचांग पुन्हा उघडलं, आणि बारा छप्पनपर्यंत शुभ घटिका आहे असं त्यांना आढळलं. बारा एक्कावन्नला मंगलाष्टकं सुरू झाली. आबा उभेच होते. 'सावधान' म्हटलं की सगळा मांडव अक्षता टाकायचा, अंमळ शांत व्हायचा, आणि मग एकट्या आबांच्या अक्षता नातीच्या डोक्यावर पडायच्या.

एक वाजून दहा मिनिटांनी पंगत बसली. डॉक्टरांनी आडवं करायला सांगितलेले आबा पाटावर बसून दुसरी बट्टी मागत होते. शेजारी वामनराव. त्याच्या चेहऱ्यावर दिवाळीपर्यंत पुरेल एवढा आनंद होता.

"दाजी, चोवीस मिनिटं उशीर झाला बरं का," तो सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाला. "वरात तं टाइमावर आली होती. नवरदेवाकडच्याईचा काही दोष नाई. गुरुजीचा नाई. मंग उशीर केला कोणं?"

"म्या केला," निवृत्ती म्हणाला. त्याने आबांच्या पानातली बट्टी कुस्करली आणि तिच्यावर तूप सोडलं. "सांग सगळ्या गावाले."